दादरची पाकशाळा आणि परदेशातील उमेदवारी

दादर पश्चिमेला वीर सावरकर मार्गावर असलेल्या हॉटेल व्यवस्थापन, केटरिंग तंत्रज्ञान व उपयोजित पोषण संस्थेचे मूळ अन्नटंचाईत आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला अन्न परिषदेने ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहे काढली. गहू-तांदळाची बचत हा त्यामागील हेतू होता. त्याच परिषदेने १९५४ मध्ये ही संस्था स्थापिली. नावातील ‘उपयोजित पोषण’ हा त्या काळाचा अवशेष म्हणावा लागेल.

पुढे तारांकित हॉटेले आणि त्यापाठोपाठ परदेशी रिसॉर्ट विद्यार्थ्यांना खुणावू लागली. तेथील अनुभवाचे मोल निर्विवाद आहे. प्रश्न त्याच्या स्वरूपाचा आहे. अमेरिकेचा ‘जे-१’ व्हिसा १९६१ च्या शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाण कायद्यावर आधारलेला असून आतिथ्यक्षेत्रातील प्रशिक्षणार्थ्यास तो फार तर १२ महिने मिळतो. प्रशिक्षण सहा महिने वा अधिक असल्यास किमान तीन विभागांत काम देणे बंधनकारक आहे. ही अट निरर्थक नव्हे. वर्षभर केवळ चादरी बदलणारा विद्यार्थी शिकत नसतो, स्वस्तात राबत असतो. करारावर सही करण्यापूर्वी प्रशिक्षण आराखडा वाचून घेण्याची जबाबदारी महाविद्यालयांनीही टाळू नये.

दादरलगतच्या लालबाग-परळमध्ये खाणावळवाल्या स्त्रिया गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित केले. त्या मंडळाचे नावही ‘अन्नपूर्णा’च होते.