शेवटचा शब्द कुणाचा?

ऑफिसच्या लॅपटॉपवर वॉलपेपर बदलायला जावं, तर तो पर्यायच राखाडी होऊन बसलेला असतो. काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते, असं स्क्रीन सांगते. ही ‘संस्था’ म्हणजे नेमकं कोण? मला या प्रश्नात रस आहे, कारण तो नकार बहुतेकदा वरून खाली वारशाने आलेला असतो. आणि या वारशाला इतिहास आहे.

१९९६ साली मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ४.० आली. तिच्यात ‘सिस्टिम पॉलिसी’ची सोय होती. अ‍ॅडमिन सगळे नियम एका फाइलमध्ये भरून ती सर्व्हरवर ठेवायचा. कुणी लॉगिन केलं की कॉम्प्युटर ती वाचायचा आणि नियम आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या वहीत, उतरवून घ्यायचा. पण उतरवलेलं आपोआप पुसलं जात नसे. सर्व्हरवरून फाइल काढली तरी नियम मशीनवर तसाच. तो घालवायला उलटा नियम पाठवावा लागे. अ‍ॅडमिन मंडळी याला ‘टॅटू’ म्हणत. नाव अगदी नेमकं आहे: गोंदणारा निघून जातो, गोंदण राहतं.

तोवर दुसरीकडे झाडाची कल्पना रुजली होती. नॉव्हेल कंपनीने १९९३ मध्ये नेटवेअर ४ सोबत आणलेल्या डिरेक्टरीत संस्था, विभाग, माणसं अशी उतरंड होती. वर दिलेले अधिकार खाली झिरपत आणि मध्ये गाळणी लावून ते अडवताही येत.

१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही असंच झाड उभं केलं: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. त्यावरून नियम वाहू लागले, त्याचं नाव ग्रुप पॉलिसी. क्रम ठरलेला: आधी त्या मशीनचे स्वतःचे नियम, मग साइटचे, मग डोमेनचे, शेवटी विभाग-उपविभागांचे. दोन नियम भांडले तर नंतर लागू होणारा जिंकतो. समजा, डोमेन म्हणतं की दहा मिनिटांनी स्क्रीन लॉक करा आणि लेखा विभाग म्हणतो की पाच. तर लेखा विभागात पाचच. घरात थोरल्यांचा शब्द अखेरचा. इथे मात्र विभागांच्या उतरंडीत जो जवळचा, त्याचं चालतं. मला हे शहाणपणाचं वाटतं. कोणत्या टेबलावर काय काम चालतं, ते मुख्यालयापेक्षा विभागाला जास्त ठाऊक असतं.

पण सत्ता एवढ्यावर समाधानी कशी राहील? विभागाला वरचा वारसा अडवण्याची मुभा मिळाली, आणि वरच्यांना ‘हा नियम मोडता येणार नाही’ असा शिक्का मारण्याची. शिक्का आणि अडवणूक समोरासमोर आले तर शिक्का जिंकतो. दोन शिक्के भिडले तर वरचा. म्हणजे अपवादात पुन्हा थोरल्यांचंच खरं.

तरी माझ्या मते २००० सालची खरी कमाई वेगळी होती. नवे नियम रजिस्ट्रीच्या एका राखीव कोपऱ्यात लिहिले जाऊ लागले. पॉलिसी हटली की पुढच्या फेरीत (साधारण दीड ते दोन तासांनी ती होते) तिथली नोंदही जाते. गोंदणाच्या जागी गणवेश आला. पुढे २००३ मध्ये अ‍ॅडमिनसाठी एक नवं साधन आलं. कोणता नियम कुठून आला आणि कोण हरलं, ते त्यात एकाच जागी दिसू लागलं.

वारसा मिळणं कुणालाच चुकत नाही. पण तो कुठून आला ते कळावं आणि देणारा गेल्यावर तोही उतरावा, एवढं तरी हवं. निदान पहिल्या गोष्टीची सोय तुमच्या हातात आहे. डोमेनला जोडलेल्या लॅपटॉपवर ‘जीपीरिझल्ट’ ही कमांड चालवून पाहा. तुमच्यावर लागू असलेल्या पॉलिसींची नावं ती देते. मग ‘संस्थे’ला विचारायचा प्रश्न नेमका करता येतो: ही अमुक पॉलिसी माझ्यावर का?