मधली पायरी : मध्यम दक्षता कक्षाची वाटचाल

रुग्णालय म्हटले की जनरल वॉर्ड आणि आयसीयू ही दोनच नावे आपणांस आठवतात. परंतु या दोहोंमध्ये आणखी एक पायरी आहे. डॉक्टर मंडळी तिला ‘एचडीयू’ म्हणतात. आपण तिला मध्यम दक्षता कक्ष म्हणू. ज्यास व्हेंटिलेटरची गरज नाही, पण ज्याची नाडी, रक्तदाब व श्वास यांवर अहोरात्र लक्ष हवे, अशा रुग्णाचे हे स्थान होय.

1952 साली कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. डॉ. इब्सेन यांच्या योजनेनुसार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्यातूनच 1953 मध्ये तेथे अतिदक्षता कक्ष साकारला. त्याच दशकात अमेरिकेत एक नवा विचार रुजला : रुग्णांची विभागणी रोगाच्या नावावरून न करता, लागणाऱ्या शुश्रूषेवरून करावी. पुढे हृदयरोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष निघाले. तेथून वॉर्डात हलविलेल्या काही रुग्णांना अकस्मात मृत्यू येतो, हे ध्यानात आल्यावर मधल्या कक्षाची निकड पटली.

आपल्याकडे 1960 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अतिदक्षता कक्षांचा प्रारंभ झाला. डॉ. फारुख उदवाडिया यांचे त्यातील कार्य सर्वश्रुत आहे. मधली पायरी मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिली. 2016 साली केंद्र शासनाने प्रसूती विभागातील एचडीयूसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव वा झटके वेळीच ओळखले, तर माता वाचते, हे त्यामागील सूत्र होय. 2020 च्या कोरोना महामारीत रुग्णव्यवस्था त्रिस्तरीय झाली आणि मधल्या स्तरावरील ऑक्सिजनच्या खाटांचे मोल घरोघरी कळले.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता हिशेब सरळ आहे. आयसीयूत साधारणतः एका रुग्णामागे एक परिचारिका अपेक्षित असते. मधल्या कक्षात एक परिचारिका दोन-तीन रुग्ण सांभाळू शकते. त्यामुळे खर्च उतरतो, कुटुंब कर्जापासून वाचते आणि आयसीयूतील खाट अत्यवस्थ रुग्णासाठी मोकळी राहते.

शिरपूरहून धुळे सुमारे 50 किलोमीटर. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून तर त्याहूनही दूर. अशा तालुक्यात मॉनिटर, ऑक्सिजन आणि प्रशिक्षित परिचारिका असलेल्या चार खाटाही अनेकांचा तो प्रवास टाळू शकतील. दानशूरांनी भव्य इमारतीबरोबरच या चार खाटांचा, आणि विशेषतः तेथे रात्री जागणाऱ्या परिचारिकांच्या वेतनाचाही विचार करावा, ही नम्र विनंती.