नोंदणी, ऑनलाइन (खर्डा परिसर)

नोंदणी, ऑनलाइन : योजना, दाखला, प्रवेश किंवा तक्रार यांसाठी संकेतस्थळावर वा ॲपवर आपले खाते उघडण्याची क्रिया. बोलीत ‘फॉर्म भरणे’, ‘केवायसी करणे’, ‘लिंक करणे’ अशी तिची नावे आहेत. प्रस्तुत नोंद अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्याच्या खर्डा परिसरापुरती असली, तरी तिच्यातील बहुतेक अडचणी साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राच्या आहेत. खर्डा हे जामखेडच्या आग्नेयेस सुमारे २० कि.मी.वरचे, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दीजवळचे गाव. ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे ते इतिहासात पोहोचले.

नोंदणी फसली की पहिला दोष रेंजला आणि दुसरा सर्व्हरला दिला जातो. ते अर्धेच खरे आहे. रेंज माळावर गेले की येते, सर्व्हर मध्यरात्रीनंतर चालू लागतो. अर्ज खरा अडतो तो दोन कागदांवरचा एकच माणूस एकमेकांशी जुळत नाही म्हणून.

स्वतःच्या फोनवर स्वतः नोंदणी करावी अशी अपेक्षा असते. व्यवहारात माणूस प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन ‘सेतू’वर जातो. सेतू हे मूळ तहसील कचेरीतल्या सुविधा केंद्राचे नाव. पुढे महा ई-सेवा केंद्र, ग्रामपंचायतीतला संग्राम कक्ष, २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्र अशा पाट्या बदलत गेल्या, लोकांच्या तोंडी सेतूच राहिला. तिथल्या ऑपरेटरकडे गिऱ्हाइकांचे पासवर्ड वहीत लिहिलेले असतात. नावाची पहिली अक्षरे, ॲटचे चिन्ह आणि एक-दोन-तीन असा तो बहुतेकांचा सारखाच, कारण ठेवलेला त्यानेच. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी संस्थेत फर्नांदो कोर्बातो यांच्या सामायिक संगणकावर पासवर्ड वापरात आला, तो एकाची फाईल दुसऱ्याला दिसू नये म्हणून. इकडे तो एकाने साऱ्या गावासाठी सांभाळायची वस्तू झाला. याला सुरक्षेचा अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ज्याचा फोन मुलाच्या हातात आणि मुलगा पुण्यात, त्याला दुसरी वाट कोणती?

नाव : आधार हा आजच्या सगळ्या नोंदणीचा उंबरठा. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे रंजना सोनवणे यांना देण्यात आला, म्हणजे या बारा अंकांची सुरुवात मराठी मुलखातच झाली. मात्र मराठी नाव त्यांच्या जोडीला बसवणे जड गेले. शाळेचा दाखला, सातबारा, बँकेचे पासबुक, रेशनकार्ड आणि आधार हे कागद वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या हातांनी लिहिले. ज्ञानेश्वर एका कागदावर रोमन लिपीतल्या ‘डी’ने सुरू होतो, दुसऱ्यावर ‘जी’ने. इंग्रजीवरून यंत्राने मराठी केले की काळे यांचे ‘काले’ होते, कारण रोमन लिपीला ‘ळ’ ठाऊक नाही. सातबाऱ्यावर किसनराव, आधारवर नुसता किसन. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कुठे वडिलांच्या नावाचे एकच अक्षर. तलाठ्याला हे सारे एकच असल्याचे माहीत असते, संगणकाला नसते.

ॲग्रिस्टॅक योजनेखालच्या शेतकरी ओळख क्रमांकाने हा गुंता उघडा पाडला. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी तो राज्यात सक्तीचा झाला. तो काढताना आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव समोरासमोर येतात. सातबारा तर आपल्या जुन्या भाषेत बोलतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. तो अज्ञान मुलगा आता साठीत असतो आणि मॅनेजर कधीचाच वारलेला. सामाईक खात्यात चुलत भावंडांची नावे एकाखाली एक उभी. वारसाची नोंद राहिली असेल तर नोंदणी तिथेच थांबते. लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागता येते, पण त्यासाठी अर्ज, सुनावणी आणि तहसीलच्या फेऱ्या. दहा मिनिटांच्या नोंदणीसाठी आजोबांच्या काळची चूक निस्तरावी लागते. एका अर्थी ते बरेच झाले. ती चूक कुणीतरी कधीतरी निस्तरायचीच होती, फक्त तिचा खर्च ज्याने केली नाही त्याच्या माथी आला.

ओटीपी : ‘ओटीपी आला का?’ हा सेतूवरचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. जामखेड तालुका अवर्षणप्रवण. दसऱ्यानंतर इथली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मधल्या काळात रिचार्ज संपतो. सुमारे नव्वद दिवस सिम वापरात नसले की कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्याला मिळतो. मग ओटीपी येतो, पण तो कुठल्यातरी परक्या माणसाच्या फोनवर. आधारशी जोडलेला क्रमांक बदलायला बराच काळ केंद्रावर जाऊन बोटे देण्यावाचून उपाय नव्हता. या बदलाचे शुल्क ५० रुपये होते, ते १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ झाले. शुल्कापेक्षा बुडालेली रोजंदारी मोठी.

कॅप्चाचा जाच त्यामानाने किरकोळ. माणूस आणि यंत्र वेगळे ओळखण्याच्या या कोड्याला कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी नाव दिले. वाकड्या अक्षरांतला शून्य आणि ‘ओ’ ओळखताना चाळिशी लागलेला शिक्षकही हरतो.

थम : अंगठा उठवून ओळख पटवणे. पूर्वी सही न येणाऱ्याचा अंगठा घेत, म्हणून ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी. आता पदवीधरालाही अंगठाच द्यावा लागतो, आणि कोयता, खुरपे, वीट, माती यांनी ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्याचा तोही लागत नाही. यावर हात धुणे, बोटाला तेल लावणे, फडक्याने पुसणे, दुसरे बोट देऊन पाहणे हे उपाय रेशन दुकानात चालतात. डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा यांवरून ओळख पटवण्याची सोय आली आहे. ती जिथे पोहोचली तिथे म्हाताऱ्यांचे हाल कमी झाले.

२०१७ ची कर्जमाफी : ऑनलाइन नोंदणीची राज्यव्यापी पहिली मोठी परीक्षा म्हणून छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेकडे पाहावे लागते. जून २०१७ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या माफीची घोषणा झाली आणि जुलैपासून शेतकऱ्यांनी केंद्रांवर जाऊन अर्ज भरावेत असे ठरले. पती-पत्नी दोघांनी हजर राहून थम द्यायचा होता. दिवसा साईट चालेना म्हणून लोक रात्री केंद्रांबाहेर बसून राहिले. ऐन दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली, पण याद्यांत एकच आधार क्रमांक अनेक खात्यांना लागलेला आढळला आणि पैसे लांबले. त्यानंतरच्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत धडा घेतलेला दिसतो. अर्ज नाही, बँकेने यादी द्यायची, ती गावात लागायची, शेतकऱ्याने फक्त थम द्यायचा. २४ फेब्रुवारी २०२० ला ६८ गावांची पहिली यादी लागली. माहिती सरकारकडे आधीच असेल तर ती पुन्हा भरायला लावू नये, हे साधे तत्त्व तेवढ्यापुरते पाळले गेले आणि पुढच्या योजनांत विसरले गेले.

त्याचे उदाहरण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थी बाईसोबत तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागितला जाऊ लागला. विधवेने, टाकलेल्या बाईने तो कुणाच्या फोनवर बघायचा? पतीचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी वाट नंतर निघाली आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पण ज्या बाईचा नवरा जिवंत आहे, फक्त घरी नाही, तिच्यापाशी यांतला कोणताच कागद नसतो.

विद्यार्थीही सुटले नाहीत. २०२५ मध्ये अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रथमच राज्यभर लागू झाला. तोवर गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात दाखला देऊन नाव घालत असत. मे महिन्यात संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले आणि नोंदणी काही दिवस पुढे गेली.

तक्रार : राज्य सरकारचे ‘आपले सरकार’ हे तक्रारींचे दालन २०१५ मध्ये सुरू झाले. तक्रार २१ दिवसांत निकाली निघावी असा त्याचा दंडक. तक्रार करण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि नोंदणीसाठी मोबाइलवर ओटीपी घ्यावा लागतो. ओटीपी येत नाही ही ज्याची तक्रार, तो दाराबाहेरच उभा राहतो. मग ती तोंडी होते: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, नाहीतर ओळखीचा कार्यकर्ता. खरी दाद बहुधा तिथेच लागते.

स्थळनाम : नावाच्या या घोटाळ्यातून गावही सुटलेले नाही. जुन्या इंग्रजी ग्रंथांत खर्ड्याच्या लढाईचे गाव ‘कुर्डला’ असे सापडते. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी त्याआधी निघालेल्या आधारपत्रांवर जुनेच नाव आहे. संकेतस्थळावरच्या यादीत त्यांपैकी कोणते निघेल ते उघडल्यावर कळते. दोन्ही ‘अ’खालीच असल्याने ऑपरेटर तिथवर जातो आणि जे दिसेल त्यावर क्लिक करतो.