माथेरानची एकदिवसीय सहल

माथेरान हे महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील गिरिस्थान आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उभ्या असलेल्या डोंगराच्या सपाट माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. मुंबईपासून ते सुमारे ८५ ते ९० किलोमीटर अंतरावर असल्याने सकाळी निघून रात्री घरी परतणाऱ्या पर्यटकांचे प्रमाण येथे मोठे आहे. मात्र नकाशावरील अंतरावरून या सहलीचा अंदाज बांधणे फसवे ठरते. गावात मोटार वाहनांना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापुढचे अखेरचे सुमारे तीन किलोमीटर कसे पार करायचे, यावरच दिवसातील किती तास प्रत्यक्ष माथेरानात मिळणार हे ठरते. हे तीन किलोमीटर माणसांनी व जनावरांनी वाहून न्यायचे की यंत्राने, हा येथील सर्वांत वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नही आहे.

पार्श्वभूमी

'माथ्यावरील रान' या अर्थाने गावाचे नाव रूढ झाले, असे सामान्यतः मानले जाते. डोंगराच्या उतारांवर व पायथ्याशी ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती पूर्वीपासून आहे. त्यांच्या पायवाटा आजही वापरात आहेत. ठाणे जिल्ह्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे मे १८५० मध्ये चौक गावाच्या बाजूने माथ्यावर चढून गेले. या घटनेला माथेरानचा 'शोध' म्हणण्याची प्रथा आहे. अर्थात तो शोध इंग्रज अधिकाऱ्यांपुरताच होता. पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे गिरिस्थानाच्या उभारणीस चालना दिली.

१८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग कल्याणहून नेरळमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला. त्यामुळे मुंबईकरांना डोंगराच्या पायथ्यापर्यंत आगगाडीने येता येऊ लागले. तेथून वर जाण्यासाठी घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय एवढेच पर्याय होते. मुंबईतील पारशी, बोहरी व इतर धनिकांनी माथ्यावर बंगले बांधले आणि उन्हाळ्यात मुक्कामाला येण्याची रीत पडली. एका दिवसात जाऊन येणे त्या काळात कोणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते.

ही स्थिती नेरळ–माथेरान रेल्वेमुळे बदलली. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली हा मार्ग बांधला गेला. बांधकामास १९०४ मध्ये आरंभ झाला व मार्च १९०७ मध्ये वाहतूक सुरू झाली. रुळांमधील अंतर दोन फूट, मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि सर्वांत तीव्र चढ वीसास एक असा आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही वाटेतील स्थानके होत. दोन फुटी रुळांमुळे गाडीला अतिशय अरुंद वळणे घेता येतात आणि म्हणूनच संपूर्ण चढणीत एकच छोटा बोगदा खोदावा लागला. वाफेची इंजिने १९८० च्या दशकाच्या आरंभी नियमित सेवेतून गेली व डिझेल इंजिनांनी त्यांची जागा घेतली. हा मार्ग भारतातील पर्वतीय रेल्वेंच्या जागतिक वारसा नामांकनाचा विस्तार म्हणून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे.

स्वातंत्र्यसैनिक विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १९१२ मध्ये माथेरानमध्येच झाला. नाभिक कुटुंबात जन्मलेल्या कोतवालांनी वकिलीचे शिक्षण घेतले आणि माथेरान नगरपालिकेत लोकप्रतिनिधी म्हणून काम केले. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत होऊन त्यांच्या 'आझाद दस्त्या'ने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. निरनिराळे 'पॉइंट' पाहण्याच्या घाईत असलेल्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना हा इतिहास ठाऊक असतो.

नेरळपर्यंत आणि तेथून वर

मुंबईहून सर्वांत सोयीचा मार्ग मध्य रेल्वेचा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटणाऱ्या कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला पोहोचण्यास साधारण दोन तास लागतात. पश्चिम उपनगरांतील प्रवासी दादरला गाडी बदलतात, तर पुण्याकडून येणारे कर्जतला उतरून उलट दिशेच्या लोकलने नेरळ गाठतात.

नेरळ समुद्रसपाटीपासून अवघे चाळीसेक मीटर उंचीवर आहे. त्यामुळे येथून पुढे साडेसातशे मीटरहून अधिक चढण उरते आणि ती चढण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला छोट्या गाडीचा, जिला बोलीभाषेत 'मिनी ट्रेन', 'टॉय ट्रेन' किंवा 'माथेरानची राणी' म्हणतात. ती वर जाण्यास अडीच तासांच्या आसपास वेळ घेते. डबे लहान व आसने मोजकी असल्याने सुट्टीच्या दिवशी जागा न मिळण्याची शक्यता मोठी असते. शिवाय नेरळहून वर जाणाऱ्या फेऱ्या सकाळी मोजक्याच असतात आणि उतरणाऱ्या गाड्या दुपारी सुटतात. दोन्ही वेळा हीच गाडी धरणाऱ्या प्रवाशाच्या हाती माथ्यावर जेमतेम तीन-चार तास राहतात. अशा वेळी गाडीचा प्रवास हीच सहल समजणे अधिक योग्य. माथेरान त्या प्रवासाचे निमित्त उरते.

दुसरा मार्ग घाटरस्त्याचा. नेरळ स्थानकाबाहेरून सामायिक टॅक्सी मिळतात व त्या अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी नाक्यापर्यंत आणून सोडतात. खासगी मोटारींचा वाहनतळही येथेच आहे. रस्ता अरुंद असून त्याची वळणे तीव्र आहेत. पावसाळी गर्दीत वाहनतळ भरला की वाहनांच्या रांगा घाटात खाली उतरत जातात. माथेरान गिरिस्थान नगरपरिषदेचा प्रवेश कर नाक्यावर भरावा लागतो.

एका दिवसासाठी येणारे अनेक जण दोन्ही मार्गांची सांगड घालतात. सकाळी टॅक्सीने दस्तुरीला यायचे, जवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरान स्थानकापर्यंत शटल गाडी धरायची आणि परतताना जागा मिळाली तर संपूर्ण उतरण गाडीने करायची, असा हा क्रम आहे. शटलला पंधरा-वीस मिनिटे लागतात. वेळ वाचवून गाडीचा अनुभवही घेण्याचा हा बहुधा सर्वांत व्यवहार्य पर्याय होय.

पायी चढून येणाऱ्यांची संख्याही कमी नाही. भिवपुरी रोड स्थानकाच्या बाजूने गारबटच्या पठारावरून आणि चौकच्या बाजूने वन ट्री हिलच्या घळीतून येणाऱ्या वाटा गिरिभ्रमण करणाऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. वन ट्री हिलजवळच्या वाटेस 'शिवाजीची शिडी' असे नाव आहे. पावसाळ्यात या वाटा निसरड्या होतात.

दस्तुरी नाक्यापुढे

दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचे अंतर चालण्यास पाऊण तास पुरतो. वाट झाडीतून जाते, चढ सौम्य आहे आणि लाल माती कपड्यांवर बसल्याशिवाय राहत नाही. सामान नसलेल्या निरोगी माणसासाठी हे चालणे सहलीचा आनंददायक भाग ठरते. वृद्ध, अपंग, गर्भवती स्त्रिया किंवा लहान मुले सोबत असल्यास चित्र पालटते आणि घोडा, हातरिक्षा, ई-रिक्षा किंवा शटल यांतून निवड करावी लागते.

या निवडीच्या क्षणी पर्यटकांची दिशाभूल केली जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. शटल बंद आहे किंवा बाजार फार दूर आहे, असे सांगून घोड्यासाठी अवाच्या सवा रक्कम घेतली जाते, असे त्यांचे स्वरूप असते. मार्च २०२५ मध्ये खुद्द स्थानिक रहिवाशांनी व व्यावसायिकांनी याच कारणासाठी गाव बंद ठेवले होते. म्हणून प्रथम अमन लॉज स्थानकावर जाऊन गाडीची चौकशी करणे व घोड्याचे दर आधी ठरवून घेणे हिताचे असते.

हातरिक्षा, घोडे आणि ई-रिक्षा

वाहनबंदी हे माथेरानचे मुख्य वैशिष्ट्य असून रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन हेच तिचे अपवाद राहिले आहेत. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला, तेव्हा हे बंधन कायम राहिले. धूर व भोंगे नसल्याने जंगल टिकले. जांभूळ, हिरडा, अंजन यांच्या दाटीत शेकरू अजून दिसते. या शांततेचा भार मात्र माणसांनी व जनावरांनी वाहिला. भाजीपाला, गॅसच्या टाक्या, सिमेंट, विटा अशा वस्तू दीर्घकाळ प्रामुख्याने घोड्यांच्या पाठीवरून वा हातगाड्यांवरून येत राहिल्या आणि त्याचा खर्च येथील प्रत्येक वस्तूच्या किमतीत मिसळलेला असतो.

हातरिक्षा एक माणूस पुढून ओढतो व चढणीवर दुसरा किंवा आणखी दोघे मागून ढकलतात. पर्याय म्हणून ई-रिक्षांना परवानगी मिळावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अश्वपालकांचा तिला विरोध होता, कारण दस्तुरी ते बाजार हीच त्यांच्या कमाईची वाट आहे. न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ पासून तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर सात ई-रिक्षा चालवण्यात आल्या. शाळेसाठी रोज काही किलोमीटर चालणाऱ्या मुलांना व ज्येष्ठ नागरिकांना त्यांचा विशेष उपयोग झाला. पुढे ई-रिक्षांची संख्या वीसपर्यंत मर्यादित ठेवून त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात, असे न्यायालयाने सांगितले.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे आदेश दिले. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर राज्य शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि निधीचा अभाव हे कारण पुढे करू नये, असेही त्यात म्हटले आहे. मातीची धूप रोखण्यासाठी दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा मिळाली. आतले रस्ते व पायवाटांना ती नाही.

गावातील वेळ

माथ्याच्या कडेने तीसहून अधिक 'पॉइंट' आहेत आणि ते सर्व एका दिवसात पाहण्याचा हट्ट व्यर्थ आहे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास बाजारात पोहोचणाऱ्यास एकच दिशा निवडणे सोयीचे जाते. पश्चिमेकडे शार्लट तलाव, त्याच्या काठचे पिसारनाथ महादेवाचे मंदिर, इको पॉइंट व लुईझा पॉइंट हे एकमेकांजवळ आहेत. दुपारपर्यंत ते रमतगमत पाहून होतात. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. शार्लट तलाव गावाच्या पाणीपुरवठ्याचा असल्याने त्यात उतरणे अनुचित आहे.

दक्षिणेकडील अलेक्झांडर पॉइंट व वन ट्री हिल यांसाठी वेगळा अर्धा दिवस लागतो. उत्तर टोकाचा पॅनोरमा पॉइंट सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे, परंतु बाजारापासूनचे अंतर पाहता तो मुक्कामी पर्यटकांसाठीच ठीक. पॉर्क्युपाइन पॉइंटवरील सूर्यास्ताचीही गोष्ट काहीशी तशीच आहे. तो पाहिल्यावर काळोखात जंगलातून दस्तुरीपर्यंत चालावे लागते, तेव्हा विजेरी जवळ असणे आणि खाली उतरणाऱ्या टॅक्सीची आधी चौकशी केलेली असणे आवश्यक ठरते. नेरळहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकल रात्रीही मिळतात.

बाजारपेठेत चिक्की व चामड्याच्या चपलांची दुकाने आहेत. माकडांचा उपद्रव सर्वत्र असून हातातील खाद्यपदार्थाची पिशवी ती सहज हिसकावतात.

ऋतुमान

ऑक्टोबर ते मे हा सहलीचा मुख्य काळ. उन्हाळ्यात मुंबईच्या तुलनेत हवा कोरडी व सावली भरपूर असते, पण दुपारचे ऊन जाणवते आणि धूळही वाढते. पावसाळ्यात येथे प्रचंड पाऊस पडतो. धबधबे व हिरवाई यांसाठी याच काळात गर्दी उसळते; मात्र पॉइंटवर पोहोचूनही धुक्यापलीकडे काहीच न दिसणे नित्याचे आहे. कड्यांच्या टोकांवर मातीचा भरवसा नसतो.

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज रेल्वेसेवा बंद ठेवली जाते. अमन लॉज ते माथेरान शटल हवामानानुसार चालू राहते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेल्याने गाडी २००७ पर्यंत बंद होती. रुळांवरून घसरण्याच्या घटनांमुळे मे २०१६ मध्ये ती पुन्हा थांबली व २०१८ च्या आरंभी नेरळपासून पूर्ववत झाली. २०१९ च्या पावसाने झालेल्या हानीनंतर नेरळहून सेवा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडले. त्यामुळे पावसाळ्यानंतर लगेच येणाऱ्यांनी नेरळची गाडी प्रत्यक्षात सुरू झाली आहे की नाही, याची रेल्वेकडून खात्री करून घेणे इष्ट असते.