आंधळ्या पैशाचे वतन

लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडील दुसऱ्या खेळाडूस, हाती एकही पत्ता येण्यापूर्वी, एका पूर्ण बोलीइतकी रक्कम पॉटमध्ये, म्हणजे डावाच्या सामायिक रकमेत, भरावी लागते. तिला बिग ब्लाइंड म्हणतात, आणि पुढे कोणी बोली वाढविली (रेझ केले) असता उरलेले देणे चुकते करून डावात टिकून राहणे म्हणजे ब्लाइंडचा बचाव. आपला पैसा दुसऱ्याने फुकट उपटू नये एवढ्यासाठीच हा बचाव असतो, अशी नवख्यांची समजूत असते. परंतु या वहिवाटीचे कूळ शोधीत गेले असता तिच्या बुडाशी मालकीहक्क नव्हे, तर सक्तीने आगाऊ भरणा करणाऱ्यास मिळालेली एक सवलत आढळते, आणि त्या सवलतीला काळाच्या ओघात लागलेली कात्री ध्यानात घेतल्यावाचून बचावाचे मर्म कळत नाही.

पत्ते न पाहता पैसे लावण्याची कल्पना इंग्लंडातील ब्रॅग या खेळात आहे. तीन पत्त्यांच्या ब्रॅगमध्ये न पाहता खेळणारा, पाहून खेळणाऱ्याच्या निम्मीच रक्कम लावतो. हाच खेळ इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात रुजून तीन पत्ती झाला, आणि म्हणून दिवाळीच्या रात्री बूट भरून ‘ब्लाइंड’ आणि ‘चाल’ यांचा पुकारा करणारी मराठी मंडळीही याच घराण्यातील दूरचे आप्त ठरतात. मात्र तीन पत्तीतील ब्लाइंड ऐच्छिक आहे. पोकरमधील ब्लाइंड हे आळीपाळीने प्रत्येकावर येणारे सक्तीचे देणे आहे.

पोकर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींत वाढले. आरंभी ते २० पत्त्यांनी खेळत, पुढे ५२ पत्त्यांचा पुरा जोड आला आणि हातातील पत्ते बदलून घेण्याची मुभा असलेला ड्रॉ पोकर रूढ झाला. त्यात वाटणाऱ्याच्या लगेच डावीकडे बसलेल्या खेळाडूस ‘एज’ म्हणत, आणि ब्लाइंड भरण्याचे काम त्याच्याकडे असे. त्याने १ डॉलर टाकला तर इतरांना डावात येण्यास २ पडत. सर्वांचे बोलून झाल्यावर त्याची पाळी येई, आणि तेव्हा आणखी १ डॉलर घालून ब्लाइंड पुरा करावा, रेझ करावे किंवा पत्ते टाकून मोकळे व्हावे, असे तीन मार्ग त्याला खुले असत. पत्ते बदलल्यानंतरच्या फेरीतही त्याच्या डावीकडून बोली सुरू होई, आणि शेवटचा शब्द पुन्हा त्याचाच राही. इतरांचा मनसुबा उघड झाल्यावर आपला निर्णय करावयाचा, हा पोकरमध्ये मोठाच लाभ. आंधळेपणाने भरलेल्या पैशाची ती भरपाई होती. पुढे सर्वांनी समान रक्कम भरावी आणि गुलामांची जोडी किंवा तिच्याहून सरस हात असणाऱ्यानेच डाव उघडावा, अशी जॅकपॉटची पद्धत बोकाळली, तेव्हा एजचे हे वतन पुष्कळ ठिकाणी खालसा झाले.

होल्डेमने ब्लाइंडला पुन्हा मानाचे स्थान दिले. या खेळाचे जन्मस्थान म्हणून टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन या गावास मान्यता दिली. कॉर्की मॅक्कॉर्कोडेल याने १९६३ मध्ये लास वेगासच्या कॅलिफोर्निया क्लबात तो नेला, आणि कालांतराने एक लहान व एक मोठा असे दोन ब्लाइंड सर्वत्र स्थिर झाले. परंतु जुने वतन पुरतेपणी परत मिळाले नाही. बिग ब्लाइंडला शेवटचा शब्द मिळतो तो पहिल्या फेरीपुरताच. फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामायिक पत्ते, उघडला की वाटणाऱ्याच्या डावीकडून बोली सुरू होते, आणि ज्याने शेवटी बोलून डावात प्रवेश केला त्यालाच उरलेल्या तिन्ही फेऱ्यांत बहुतेकांच्या आधी तोंड उघडावे लागते.

असे असूनही बचाव परवडतो, याचे कारण बोलीला घातलेली मर्यादा. १० आणि २० डॉलरच्या ठरावीक बोलीच्या टेबलावर ब्लाइंड ५ आणि १० चे असून, शेवटच्या जागांवरून कोणी २० पर्यंत रेझ केले आणि लहान ब्लाइंडने पत्ते टाकले, तर पॉटमध्ये ३५ डॉलर पडलेले असतात आणि बिग ब्लाइंडला भरावयाचे असतात केवळ १०. म्हणजे ४५ पैकी १०, सुमारे २२ टक्के वाटा पदरी पडला की कागदोपत्री हिशेब जुळतो. एकाच रंगाच्या सत्ती-छक्कीचा एक्का-राजाविरुद्ध निव्वळ वाटा ४० टक्क्यांच्या आसपास भरतो. उलट, मोजकेच चांगले हात घेऊन आरंभीच रेझ करणाऱ्याच्या एक्का-राजापुढे भिन्न रंगांची एक्का-दुर्री नेली, तर एक्का लागूनही राजा आडवा येतो, आणि वाटा पाव हिश्श्याहून फारसा वर चढत नाही. त्यातही आधी बोलावे लागत असल्याने हा कागदी वाटा संपूर्ण वसूल होत नाहीच. अशा वेळी ब्लाइंड भरला आहे एवढ्याच सबबीवर डावात राहणे म्हणजे खंड आगाऊ दिला म्हणून खडकाळ रानात बी पेरणे होय. भरलेला पैसा पॉटचा झाला, आता किंमत पाहावयाची ती पुढच्या १० डॉलरची.

या वहिवाटीची कसोटी अखेरीस यंत्राने घेतली. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात, दोघांमधील लिमिट होल्डेम व्यवहारतः संपूर्ण सोडविल्याचे जाहीर केले. सेफियस हा त्यांचा संगणकी खेळाडू बिग ब्लाइंडच्या जागी बसला म्हणजे बहुतेक मानवी खेळाडूंहून अधिक प्रकारच्या हातांनी बचाव करतो, आणि तिर्री-चौव्वीसारख्या लहान पत्त्याची जोडी असली तरी उलट रेझ करण्यास कचरत नाही. दोघांच्या या खेळात वाटणारा लहान ब्लाइंड भरतो आणि फ्लॉपनंतर शेवटचा शब्दही त्याचाच असतो. त्यामुळे दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तरी बिग ब्लाइंड १०० डावांमागे सरासरी सुमारे ९ ब्लाइंड गमावतोच. मात्र प्रत्येक रेझपुढे निमूटपणे पत्ते टाकणारा, समोरचा नित्य रेझ करीत राहिल्यास, पुरे १०० गमावतो. या दोन आकड्यांतील अंतर एवढेच बचावाचे खरे उत्पन्न. ते नफ्यात दिसत नाही, म्हणून अधीर माणसाला ते कधी नजरेस येत नाही.