दप्तरात नसलेला धर्मगुरू

कॉनी विलिस या अमेरिकन लेखिकेची ‘डूम्सडे बुक’ ही कादंबरी १९९२ साली प्रसिद्ध झाली. विज्ञानसाहित्यातील ह्यूगो व नेब्युला ही दोन्ही मानाची पारितोषिके तिला लाभली. एकविसाव्या शतकातील किव्हरिन ही ऑक्सफर्डची इतिहासाची विद्यार्थिनी १३२० सालच्या इंग्लंडात जाण्यास निघते आणि चुकून १३४८ च्या डिसेंबरात, महामारीच्या तोंडावर, एका खेड्यात येऊन पडते. कथेची नायिका तीच. परंतु पुस्तक मिटल्यावर आठवत राहतो तो त्या खेड्याचा धर्मगुरू, फादर रोश.

रोश फारसा शिकलेला नाही. मिस्सेतील लॅटिन प्रार्थना तो चुकीच्या म्हणतो, म्हणून जमीनदाराच्या घरची वृद्ध लेडी इमेन त्याला सतत हिणवते. किव्हरिन ही देवाने धाडलेली संत आहे, अशी त्याची भाबडी श्रद्धा. मात्र रोग गावात शिरल्यावर हाच माणूस आजाऱ्यांच्या उशाशी बसतो, अंतिम संस्कार देतो, कबरी खोदतो.

असे धर्मगुरू खरोखर होते काय? त्या काळच्या बिशपांची दप्तरे आज उपलब्ध आहेत. एखाद्या धर्मग्रामाचा अधिकृत धर्मगुरू मरण पावला की त्याच्या जागी आलेल्याची नोंद त्यांत होई. त्यांवरून इंग्लंडच्या अनेक धर्मप्रांतांत असे चाळीस ते पन्नास टक्के धर्मगुरू दगावले असावेत, असा अंदाज इतिहासकार करतात. पण अधिकृत धर्मगुरू पुष्कळदा दूर राही आणि अल्प वेतनावरचा एखादा गरीब बदली धर्मगुरू गाव सांभाळी. त्याच्या नेमणुकीची अशी नोंद होत नसे. मग मरणाची कुठून होणार?

सगळेच रोश नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी १३४९ मध्ये बाथ व वेल्सचे बिशप राल्फ यांनी पत्रक काढले. संसर्गाच्या भीतीने आजाऱ्यांकडे जाण्यास धर्मगुरू मिळत नाहीत. तेव्हा मरणासन्न व्यक्तीने प्रापंचिकाजवळ, तोही नसेल तर स्त्रीजवळसुद्धा, पापनिवेदन करावे, अशी मुभा त्यांनी दिली. (स्वतः बिशप त्या दिवसांत आपल्या खेड्यातील वाड्यावरच मुक्काम करून होते.)

पुढे लेस्टरचा मठवासी बखरकार हेन्री नाइटन याने तक्रार नोंदवली : पूर्वी चार-पाच मार्कांत मिळणारा धर्मगुरू आता दहा मार्कांच्या आत मिळेना, आणि बायका गमावलेले अर्धशिक्षित पुरुष गुरुदीक्षेसाठी गर्दी करू लागले. तक्रार खरीच असेल. तरी तिच्यात मला लेडी इमेनचाच स्वर ऐकू येतो. लॅटिनच्या चुका मोजणाऱ्यांनी लिहून ठेवले. चुका करीत रात्रभर जागणाऱ्यांना लिहिण्याची सवड नव्हती, बहुतेकांना तेवढे लिहिताही येत नसावे.

विलिसबाईंच्या कादंबरीत अखेर रोशही त्याच रोगाने जातो. तेव्हा त्याच्यासाठी चर्चची घंटा वाजवायला गावात किव्हरिनवाचून कोणी उरलेले नसते.