जालन्याच्या मातीची वही

वाचकहो, ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या कानावरून गेली असेलच. ह्या पाळण्यातले सोने आले कुठून? खाण तर इथे नाही. ते आले काळ्या मातीतून, म्हणजे कापसातून. निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग इथून गेला आणि जालन्याच्या बाजारपेठेला बरकत आली.

त्या काळी धातूचा गावाशी संबंध बेताचाच. लोहाराचा भाता, बैलगाडीच्या चाकाला बसवायची धाव, विळे, कुळवाची फास. लोखंडाचा तुकडा कोणी टाकून देत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र गावाबाहेर औद्योगिक वसाहत उभी राहिली. देशभरचे भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या करणारे कारखाने आले, आणि बियाण्यांसाठी नावाजलेले जालना पोलादासाठीही ओळखले जाऊ लागले.

भंगार वितळवणे हे काम वाईट का? मुळीच नाही. हजारो घरच्या चुली त्यावर पेटतात, आणि खाणीतून नवे लोखंड काढण्यापेक्षा ते स्वस्तही पडते. पण भंगार म्हणजे निव्वळ लोखंड नव्हे, बरं का! त्यात जस्ती पत्रे असतात, जस्ती बादल्या असतात, रंग दिलेले दरवाजे असतात. पोलाद वितळते सुमारे १,५०० अंश सेल्सियसला. जस्त ९०७ अंशांनाच उकळते आणि त्याचा जुना सोबती कॅडमियम ७६७ अंशांना. भट्टीत सळईचा रस होण्याआधीच ही मंडळी वाफ होऊन वर निघतात. शिसेही काही प्रमाणात त्यांच्याबरोबर जाते. वर गेल्यावर ती गार होते आणि बारीक धूळ बनते. भट्टीवर धूर ओढून घेणारी व्यवस्था आणि गाळणीच्या पिशव्या नीट असल्या तर ही धूळ तिथेच अडकते. नसल्या तर मातीवर बसते.

पुढचे ऐका. शेण कुजते, पालापाचोळा कुजतो. शिसे कुजत नाही. त्यातून आपली काळी माती चिकण आणि चुनखडीयुक्त. ती असे धातू घट्ट धरून ठेवते. एका अर्थी हे बरेच, कारण ते विहिरीत सहज उतरत नाहीत. पण वरच्या थरात साचत राहतात, आणि नेमके तिथेच लहान मूल खेळते अन् हात तोंडात घालते. मुलाच्या रक्तात शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही. कॅडमियमची कथा जपानने भोगली: खाणीचे पाणी जिंझू नदीतून भातखाचरांत गेले, आणि हाडे मोडणाऱ्या ‘इताई-इताई’ रोगाचे ते कारण सरकारने १९६८ साली मान्य केले.

गंमत अशी, की आपल्याकडचा शेतकरी तेच जस्त झिंक सल्फेटच्या पिशवीतून विकत आणून रानात टाकतो, कारण चुनखडीच्या जमिनीत पिकाला ते पुरेसे मिळत नाही. तेव्हा धातूचे नाव ऐकताच दचकू नये. कोणता, किती आणि कुठे, हे विचारावे.

कायद्याचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. पाण्याचा कायदा झाला १९७४ साली, हवेचा १९८१ साली, म्हणजे जालना जिल्हा निर्माण झाला त्याच वर्षी. शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले २००० साली. दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम निघाले ते थेट २०२५ मध्ये! मातीवर सारे उभे, आणि तिचीच पाळी शेवटी.

आता माती तपासायची कशी? अग्निजन्य काळ्या खडकापासून झालेल्या आपल्या मातीत तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच बरेच असते. वरची एक मूठ तपासून कारखान्यावर आळ घेणे बरोबर नाही आणि त्याला निर्दोष ठरवणेही बरोबर नाही. वरची माती आणि खालची माती शेजारी ठेवून पाहावी, तसेच कारखान्यापासून दूरच्या, वाऱ्याच्या उलट दिशेच्या रानातली मातीही सोबत घ्यावी. शिवाय आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. वरची धूळ त्या भेगांत हातभर खाली जाते, आणि पावसाळ्यात जमीन फुगून भेगा मिटतात. वर्षानुवर्षे ती स्वतःच स्वतःला ढवळत असते. म्हणून जालन्यात खालचा नमुना घ्यायचा तर भेगांच्या तळाच्याही खालून घ्यावा लागतो.